वेस नसलेली गंगावेस

जुन्या शहरातील स्थळे पायी हिंडून, माहितगाराच्या तोंडून त्यांचा इतिहास ऐकत पाहण्याच्या उपक्रमाला अलीकडे ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी ‘वारसाफेरी’ हा शब्द रुळू लागला आहे. या फेरीचा परिचित नमुना स्पेनमधील जुन्या शहरांत आढळतो. सेव्हिल शहरातील ‘गिराल्डा’ हा मनोरा बाराव्या शतकात मशिदीसाठी उभा राहिला आणि पुढे ती मशीद जाऊन तेथे कॅथीड्रल आल्यावर, सोळाव्या शतकात त्याच मनोऱ्यावर घंटांचा मजला चढला. त्यामुळे तेथील वाटाड्याला एका जागी उभे राहून, नुसते बोट वर नेत नेत, दोन धर्मांचा आणि चार शतकांचा इतिहास दाखवता येतो. कोल्हापुरात मात्र बोट दाखवून भागत नाही, कारण येथे जे दाखवायचे त्यातील बरेचसे जागेवर उरलेलेच नाही.

गंगावेस हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. वेस म्हणजे गावाच्या तटातील दरवाजा; गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थवेस ही नावे कोल्हापूरकराच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतात, रिक्षावाला ती ऐकून वाट धरतो, पण या नावांच्या ठिकाणी आज ना दरवाजा आहे ना तट. इंग्रज अमलात शहराभोवतीचा तट पाडला गेला, वेशी गेल्या आणि त्यांची नावे तेवढी चौकांना चिकटून राहिली. तीन रस्ते मिळतात त्या जागेला येथे ‘तिकटी’ म्हणतात, आणि पापाची तिकटी, मिरजकर तिकटी अशा नावांतून गल्लीबोळांची जुनी आखणी अजून बोलते. गंगावेशीत आज वेशीऐवजी दूधकट्टा आहे, म्हणजे म्हशी जागेवर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून तांब्याभर दूध विकण्याची जागा. फेरीच्या टिपणात तिला स्थान मिळो वा न मिळो, ज्या दिशेने गाव पंचगंगा नदीकडे उघडत होते त्या दिशेची वर्दळ तिथेच टिकून आहे, आणि दगडी दरवाजा शाबूत असता तर हे इतके कळले असते का, याची शंका वाटते.

वाटाड्यासह पायी फिरण्याची ही रीत कोल्हापूरला नवी नाही, याचाही येथे विचार करावा लागतो. ‘करवीरमाहात्म्य’ या क्षेत्रवर्णनपर ग्रंथात या नगरातील व नगराभोवतीची तीर्थे आणि देवस्थाने सांगितली आहेत, आणि यात्रेकरूला ती हिंडवणारे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थक्षेत्री यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणारे परंपरागत पुरोहित, हे एका अर्थाने शहराचे आद्य वाटाडेच होत. एवढेच नव्हे, येथे देवताही फिरते. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीस जाते, आणि अष्टमीच्या रात्री देवी सजवलेल्या वाहनातून नगरप्रदक्षिणेस निघते, तेव्हा रस्ते रांगोळ्यांनी भरतात आणि एरवी ज्या मार्गाने भाजीची पिशवी घेऊन जाणे होते तोच मार्ग लोक दुतर्फा उभे राहून पाहतात. प्रदक्षिणा म्हणजे पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती घातलेली फेरी. तिच्यात मध्य ठरलेला असतो आणि थांबून कोणी काही समजावत नाही. वारसाफेरीत मध्य नसतो, एकामागून एक थांबे असतात, आणि प्रत्येक थांब्यावर बोलणे असते. तरीही कोल्हापुरातली कोणतीही फेरी बहुधा अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारापासूनच सुरू होते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

देवळाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे: काळ्या दगडाचे बांधकाम, साडेतीन शक्तिपीठांतील स्थान, नंतरच्या काळातला लाकडी गरुड मंडप. परंतु फेरीच्या दृष्टीने त्याचे सर्वांत विलक्षण अंग दगडाचे नाहीच. देवी पश्चिमाभिमुख आहे, आणि नोव्हेंबरच्या 9, 10 व 11 तारखांना आणि जानेवारीच्या 31 पासून फेब्रुवारीच्या 2 पर्यंत मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून, गाभाऱ्यापर्यंत पोचून पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग आणि तिसऱ्या दिवशी मुखमंडल उजळतात, असा हा ‘किरणोत्सव’. तो पाहायला माणसे गाभाऱ्याकडे तोंड करून दाटीवाटीने उभी असतात, पण जाणत्या वाटाड्याने त्यांना क्षणभर पाठ फिरवून महाद्वाराबाहेर पाहायला लावले पाहिजे. कारण तो किरण येतो तो शहराच्या वरून, महाद्वार रोडच्या दुकानांमधून, रंकाळा तलावाच्या बाजूच्या क्षितिजावरून. वाटेत मजले चढले, फलक आणि टाक्या आल्या की तो अडतो, आणि मग ते अडथळे मोजण्याची, हटवण्याची, पुन्हा वाढल्यास पुन्हा तक्रार करण्याची पाळी येते. मूळ रचनाकारांनी देवळासाठी जेवढी जमीन घेतली त्यापेक्षा कितीतरी लांब अशी उजेडाची एक पट्टी त्यांनी शहराकडून न मागता गृहीत धरली, आणि शहराला ती आजवर धड देताही आलेली नाही, नाकारताही आलेली नाही. ढग आले तर सगळेच राहते, हे वेगळे.

देवळातून भवानी मंडपाकडे जाणाऱ्या वाटेवर चपलांच्या दुकानांची ‘चप्पल लाइन’ लागते आणि तिथे फेरी हमखास रेंगाळते. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या उत्पादनाचे कायदेशीर संरक्षण, मिळाले ही माहिती भाव करता करता सांगितली जाते. जुना राजवाडा आणि नगारखाना यांच्याविषयी छापील माहिती मुबलक आहे, ती येथे पुन्हा देण्याचे कारण नाही.

खासबाग मैदान आणि त्याला लागून असलेले नाट्यगृह यांच्यापाशी मात्र थांबणे भाग आहे. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी राजर्षी शाहू महाराज युरोपात गेले, रोममधील कलोसियम त्यांनी पाहिले, आणि परतल्यावर कुस्तीसाठी गोलाकार, उतरत्या बैठकीचे खासबाग मैदान उभे केले. ते 1912 मध्ये खुले झाले. मधल्या तांबड्या मातीच्या हौद्यातील कुस्ती कोणत्याही बाजूला बसले तरी समोरच्याच्या डोक्याआड येत नाही, ही त्याची खरी कारागिरी होय. रोमच्या वास्तूचे आज अवशेष उरले आहेत आणि तिकीट काढून ते पाहावे लागतात. तिच्यावरून सुचलेल्या मैदानाची माती मात्र पैलवानांच्या पायांखाली राहिली. शेजारचे ‘पॅलेस थिएटर’ 1915 मध्ये पुरे झाले आणि पुढे त्याला संगीत नट केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी काढणारे, 1921 मध्ये बालगंधर्वांबरोबर ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग करणारे आणि त्याच वर्षी वयाच्या एकतिसाव्या वर्षी निधन पावलेले केशवराव कोल्हापूरचेच. त्यांचा जन्मदिवस 9 ऑगस्ट, आणि 2024 मध्ये त्याच्या आदल्याच रात्री हे नाट्यगृह आगीत होरपळले. त्या रात्री बघे म्हणून जमलेल्यांत रडणारे पुष्कळ होते. नाट्यगृह होते तसेच उभे राहावे ही मागणी लगोलग पुढे आली आणि पुनर्उभारणीचे काम हाती घेण्यात आले. ज्या शहराने आपल्या वेशी निमूटपणे जाऊ दिल्या, त्याने या वास्तूसाठी असा हट्ट धरावा याचे कारण उघड आहे: वेशी राज्याच्या होत्या, नाट्यगृहातली खुर्ची ज्याची त्याची होती.

बिंदू चौकात जुन्या तटाचा एक तुकडा तुरुंगाच्या भिंतीशी अजून उभा आहे, आणि त्याच चौकात महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. समाजसुधारक भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते 9 डिसेंबर 1950 रोजी बसवले गेले. म्हणजे बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच उभा राहिला. तट आणि पुतळे यांच्यामधल्या काही पावलांत जो प्रश्न दडला आहे तो फेरीत क्वचितच विचारला जातो: या रस्त्यांवरून मोकळेपणाने फिरण्याचा अधिकार पूर्वी कोणाकोणाला होता? स्थळदर्शनाची सगळी कल्पनाच असे धरून चालते की पाहणारा कुठेही उभा राहू शकतो, पाणी पिऊ शकतो, उंबऱ्याच्या आत डोकावू शकतो. शाहू महाराजांना 1919 मध्ये सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा यांतील अस्पृश्यतेविरुद्ध हुकूम काढावे लागले, यावरून ती मोकळीक किती अलीकडची आहे हे दिसते. पाण्याच्या हौदाला हात लावल्याबद्दल मार खाल्लेले राजवाड्यातील नोकर गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या प्रोत्साहनाने भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले, आणि महाराज तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घेत व बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावीत. राजवाड्याचे नकाशे जपले जातात, त्या हॉटेलाचे बाकडे कोणी जपले नाही. तरी शहरातून चालण्याचा अर्थ ज्या जागांनी बदलला त्यांत या हॉटेलाची गणना प्रथम व्हावी.

त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर टाऊन हॉल लागतो. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार 1872 ते 1876 या काळात बांधलेल्या या वास्तूत आता वस्तुसंग्रहालय आहे, आणि तेथील एक वस्तू वीतभरही उंच नाही: ग्रीकांचा सागरदेव पोसायडन याची ब्राँझमूर्ती. ती सापडली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात, जेथे 1945-46 मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन करून सातवाहनकालीन विटांची घरे उजेडात आणली. समुद्रापासून घाटापलीकडे असलेल्या गावी भूमध्य समुद्राकाठचा देव येतो तो रोमन व्यापाराच्या वाटेने. म्हणजे आज पर्यटकांना पायी फिरवण्यात जे शहर आपले जुनेपण शोधते, तेथे दोन हजार वर्षांपूर्वी परक्या मालाच्या गाठोड्यांतून हे दैवत येऊन पोचले होते.

ब्रह्मपुरीवर फेरी सहसा जात नाही, कारण तेथे पाहण्याजोगे काही नाही. ती पंचगंगा घाटावर संपते. पावसाळ्यात नदी पात्राबाहेर पडली की मात्र सारे शहर कोणी न बोलावता तिकडे चालू लागते. ‘पाणी बघायला’ जाणे हा येथील जुना रिवाज आहे. घाटावरची लहान देवळे बुडतात, कळस तेवढे दिसतात, आणि बुडालेल्यांपैकी कोणते देऊळ कोणत्या जागी आहे हे वडीलधारी माणसे लहान पोरांना गढूळ पाण्याकडे बोट करून सांगत असतात.