मायोर्कातला निवाडा

पाल्माहून पश्चिमेकडे निघालेला किनाऱ्याचा रस्ता बेलव्हेरच्या गोल किल्ल्याची टेकडी उजवीकडे ठेवून सांत आगुस्तीला पोचतो. मायोर्का बेटावर आलेले प्रवासी सहसा वाल्देमोसाच्या मठाकडे वळतात. १८३८-३९च्या हिवाळ्यात शोपँ आणि जॉर्ज सँड तिथे राहिले होते. मराठी माणसाला मात्र सांत आगुस्ती जवळचं वाटावं. १९३५-३६च्या हिवाळ्यात सत्तरी गाठलेले आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स आणि आपल्या बडनेऱ्याचे श्रीपुरोहित स्वामी इथेच उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर करत होते. मे १९३६मध्ये तिथे न कळवता येऊन थडकली मार्गो रडॉक. ती नटी होती, कवयित्री होती, येट्सपेक्षा चाळीसेक वर्षांनी लहान होती आणि १९३४पासून त्यांची प्रेयसी होती.

पुढचं एखाद्या वेड्या प्रेयसीची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. ती जीव द्यायला समुद्रावर गेली, तिथे नाचली, मग बार्सिलोनात छपरातून पडून तिने गुडघ्याची वाटी फोडून घेतली. पण ती आली होती ती स्वतःच्या कवितांचा निवाडा मागायला. जगावं की नाही हे तिने त्या निवाड्यावर टांगलं होतं, आणि महिनाभर आधीच येट्सनी तिच्या ढिल्या रचनेबद्दल तिला पत्रातून फटकारलं होतं. प्रेमात आंधळा झालेला म्हातारा असं पत्र लिहीत नाही. यावर कुणी म्हणेल, त्याच वर्षी स्वतः संपादलेल्या ऑक्सफर्ड काव्यसंग्रहात येट्सनी युद्धकवी विल्फ्रेड ओवेनला वगळून तिच्या कविता घेतल्या, त्याचं काय? पक्षपात होताच, पण त्या संग्रहात स्वामींच्याही कविता आहेत. येट्सचा हात सगळ्याच गोतावळ्यासाठी सैल होता. (ओवेनवरचा अन्याय त्याने धुऊन निघत नाही, ते वेगळं.)

याहून अवघड आक्षेप असा, की गुरू, संपादक आणि प्रियकर एकच असेल, तर त्या पोरीने दाद मागायची कुणाकडे? याला उत्तर नाही; उलट तिची तडफड त्यानेच समजते. वाचक म्हणून येट्सनी नाक मुरडलं की प्रियकराचंही मन उतरलं, असंच तिला वाटणार. या प्रसंगावर येट्सनी दोन कविता केल्या. त्यांत ती नाचणारी, गाणारी मुलगी आहे. निवाडा मागणारी कवयित्री नाही. तरी १९३७मध्ये तिचं ‘द लेमन ट्री’ येट्सच्याच प्रस्तावनेसह निघालं, आणि मायोर्का-बार्सिलोनाच्या त्या दिवसांचा तिने स्वतः लिहिलेला गद्य वृत्तांत त्यात छापलेला आहे.