शिकार सुटली, मसाला राहिला

सुरतेतला लिंबायत, डिंडोली, उधना हा पट्टा म्हणजे अर्धा खान्देशच. रविवारी अकराच्या सुमारास इथल्या कुठल्याही गल्लीत शिरलं की जाळावर भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतोच. माझे वडील नंदुरबारकडून लूमच्या कामाला इथे आले. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, आणि माझ्या मुलांना गुजराती माझ्यापेक्षा चांगलं येतं. घरचा काळा मसाला मात्र आजीमायच्या हातचा जसा होता, तसाच आजही होतो. आजीमायच्या मते हा मसाला मुळात बोकडासाठी नव्हताच. तो होता सशासाठी, तितरासाठी, रानातून जे हाती लागेल त्यासाठी.

मी स्वतः ससा कधी खाल्ला नाही. माझ्या जन्माआधीच १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला होता. जे ऐकलं ते आजीमायकडून, पाट्यावर वाटण वाटता वाटता. पारधीण टोपलीत तितर घेऊन दारी यायची आणि त्याबदल्यात ज्वारी न्यायची. पारधी फासे लावायचे, पाळलेल्या तितराला बोलतं करून रानातली तितरं जवळ बोलवायचे. ससा घरी आला की त्याचं मांस आधी हळद-मिठात ठेवायचं, कारण ते काळसर, कोरडं, चरबीचा अंश नसलेलं. बोकडासारखं ते आपल्या चरबीत शिजत नाही. मसाल्यात खोबरं आणि तीळ सढळ हाताने का घालायचे, हे मला तिथे कळलं. मांसात नसलेला ओलावा वाटणाने भरून काढायचा.

कायदा झाला ते योग्यच झालं, असं मी मनापासून मानते. आमच्या गावाकडे तितराचा आवाज आता पहाटे ऐकू आला तर माणसं थांबून ऐकतात, इतका तो विरळ झालाय. पण पारध्यांच्या बाबतीत आपण फार वाईट वागलो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पारधीही त्या शिक्क्यातून सुटले नाहीत. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी शिक्का गेला नाही. पुढे वीस वर्षांनी शिकारीवर बंदी आली आणि फाशांवर चालणारं पोट एका फटक्यात बेकायदा झालं. त्या हातांना दुसरं काम द्यायचं राहूनच गेलं. पाखराची चाल, त्याची बोली, त्याचा विणीचा काळ हे सगळं ज्यांना पाठ, त्यांना रानाची राखण सोपवता आली असती. आजीमायच्या गोष्टीतली ती पारधीण मला बटेर शिजवताना हटकून आठवते.

बटेर मिळतो तो पाळलेला, जपानी जातीचा. १९७४ च्या सुमारास हा पक्षी अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. पाच-सहा आठवड्यांत तो खाण्याजोगा होतो. आपल्या शेतातला लावा त्याचाच भाऊबंद, पण तो रानातला, त्याला हात लावायचा नाही. सुरतेत कोंबडीच्या काही दुकानांत आदल्या दिवशी सांगून ठेवलं की बटेर मिळतात. साफ केलेला पक्षी मुठीत मावतो. चार माणसांच्या घरात माणशी एक तरी हवाच, नाहीतर पोरं भांडतात.

माझ्या मैत्रिणी बटेर चिकनसारखा शिजवतात आणि मग चिवट झाला म्हणतात. एवढंसं पाखरू, त्याच्या अंगावर चरबी नाही. कुकरच्या शिट्ट्या त्याला सोसत नाहीत. मी हळद, मीठ आणि ठेचलेला लसूण चोळून तासभर ठेवते. दही लावत नाही. तोवर खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट जाळावर काळी होईपर्यंत भाजायची, कांदे सालासकट भाजायचे. धने, तीळ, लवंग, दालचिनी, दगडफूल, लाल मिरच्या तेलाच्या थेंबावर परतायच्या. दगडफुलाचा वास सुटला की हात आवरायचा, ते करपलं तर सगळं वाटण कडू होतं. पाटा आता नाही, मिक्सर आहे, पण वाटण गंधासारखं मऊ व्हायलाच हवं. मग पातेल्यात शेंगदाण्याचं तेल बऱ्यापैकी घ्यायचं, पाखरं सगळ्या बाजूंनी लाल करून बाहेर काढायची, त्याच तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, आणि मग पाखरं परत आत. पाणी उकळतंच घालायचं. वर ताटात पाणी ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं.

या वीस-पंचवीस मिनिटांत झाकण उघडायचं नाही. मी लहानपणी सारखी उघडून बघायची, तेव्हा आजीमाय अहिराणीत म्हणायची, "कसाले घाई करस?" तिची खूण साधी होती. तंगडीच्या टोकाशी मांस वर सरकून हाड दिसायला लागलं की झालं. त्यापुढे एक मिनिटही नको.

शेवटच्या वर्षांत ती आमच्याकडेच होती. मी केलेला बटेर तिने कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ला, हाडं नीट चोखली आणि म्हणाली, गोड आहे, पण रानाचा नाही. ते खरंच होतं. तितर गवताचं बी खातो, वाळवी टिपतो, दिवसभर पळतो. हा बटेर पिंजऱ्यात खाद्य खाऊन वाढलेला. जे पोटात जातं तेच मांसाच्या चवीत उतरतं. मसाला तोच ठेवता येतो, ती चव आणता येत नाही, आणि ती पुन्हा यावी अशी माझी इच्छाही नाही.

सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ ची लूट आठवते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १६८९ मध्ये, जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री या शहरात आला. १६९६ साली लंडनमध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात इथल्या इंग्रजांच्या वखारीतल्या जेवणाचं वर्णन आहे. एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक इथला, असे तीन आचारी. रविवारी आणि सणावारी हरीण, काळवीट, मोर, ससे, तितर. मनुका-बदाम भरून दमावर शिजवलेली कोंबडी. त्याच पुस्तकात सुरतेतल्या जनावरांच्या इस्पितळाचंही वर्णन आहे. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरं तिथे सांभाळली जात. एकाच गावात ही दोन्ही घरं होती. आजही तसंच आहे. माझ्या शाळेत माझ्या शेजारी बसून डबा खाणारी बाई कांदा-लसूणही खात नाही. मी बटेराचा डबा शाळेत नेत नाही. हे मी भीतीने करत नाही. तिचा मान मला राखावासा वाटतो. मात्र मांस खाता म्हणून घर नाकारणाऱ्या एका घरमालकाशी माझे वडील वाद घालून आले होते, ते मी विसरलेले नाही. जेवण आपापलं असावं, छप्पर सगळ्यांना मिळावं.

गेल्या थंडीत गावाकडच्या एका नात्यातल्या भावाचा फोन आला. ससा मिळतोय, ताई, पाठवू का? मी स्पष्ट नाही म्हटलं. तुरुंगाची भीती तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की आपल्या दोन पिढ्यांनी न खाल्ल्यामुळे जे थोडं उरलंय, ते आपण हौसेपायी का संपवायचं? त्याला वाईट वाटलं. मी म्हटलं, त्यापेक्षा पाऊस लागला की खेकडे पाठव.

त्याने पाठवले. आषाढाच्या सुरुवातीला, पहिल्या दमदार पावसानंतर, नवापूरकडून ओल्या पोत्यात भरून, ओळखीच्या माणसाबरोबर रेल्वेने. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आमच्या सगळ्या गोष्टी तिथूनच येतात. ओढ्याचा खेकडा ओलाव्यात दिवसभर सहज तग धरतो. पोतं मोरीत उघडलं तर सगळे जिवंत, काळपट तपकिरी, नांग्या वर करून.

आधी प्रत्येक खेकडा उलटा करून बघायचा. पोटावरची झडप अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. मादीच्या झडपेखाली पिल्लं असतील, तर ती ओढ्यालाच परत, हा आजीमायचा दंडक. भावाने गावातच निवडून पाठवले होते, म्हणून मला समाधान वाटलं. मग नांग्या आणि पाय मोडायचे, कवच उचलायचं, दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले काढून टाकायचे. बारीक पाय टाकायचे नाहीत. ते थोड्या पाण्यात मिक्सरला फिरवून फडक्यातून गाळायचे. तो राखाडी रस म्हणजे रश्श्याचा जीव. वाटण परतलं की तो घालायचा आणि उकळी येईपर्यंत डाव थांबू द्यायचा नाही, नाहीतर फाटतो. नांग्या वरवंट्याने तडकवून घ्यायच्या, म्हणजे मसाला आत जातो.

आणि खेकडा पूर्ण शिजवायचाच. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात एक कृमी असू शकतो. खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर तो माणसाच्या फुप्फुसात घर करतो. मणिपूर, नागालँड, अरुणाचलात असे रोगी सापडले आहेत. खोकल्यातून रक्त येतं, डॉक्टरांनाही आधी क्षय वाटतो. गावाकडे खोकल्यावर खेकड्याचा कच्चा रस पाजणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते की उकळल्याशिवाय देऊ नका.

खेकडे म्हणजे गरिबाचं खाणं, असं शेजारची एकजण म्हणाली. मी तिला सांगितलं, बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, सोमेश्वर तिसऱ्याने, 'मानसोल्लास' ग्रंथ रचला. त्यात राजाच्या जेवणात खेकडा आहे, रानडुक्कर आहे, नदीकाठच्या शेतातला उंदीरसुद्धा आहे. तो ग्रंथ बडोद्याहून छापला गेला, म्हणजे आपल्या दारातूनच. ती हसली आणि वाटी पुढे केली.

खेकडे खायला वेळ लागतो. माझा धाकटा तासभर एका नांगीशी झटत होता, बोटं तिखटाने लाल झाली, तरी सोडेना. रस्सा संपत आला तेव्हा मी उरलेल्या तर्रीत थोडं भाजलेलं बेसन घालून ती दाट केली. संध्याकाळी भाकरीबरोबर तेवढंही पुरलं. भावाला फोन करून सांगितलं की श्रावण लागायच्या आत अजून एकदा पाठव, आणि या वेळी पैसे घेतल्याशिवाय पाठवू नकोस, कारण रात्री बत्ती घेऊन ओढ्यात उतरणाऱ्या माणसाला मजुरी मिळायला हवी.