एक जून आणि आठ डिसेंबर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'सरलेल्या वर्षातील आपले अनुभव' लिहून देण्याची सूचना केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. इतिहासाच्या शिक्षकाला शतकांविषयी बोलण्याची सवय असते. स्वतःच्या एका वर्षाविषयी त्याने काय लिहावे? मागे वळून पाहिले तेव्हा चार गोष्टी हाती लागल्या. शाळेच्या कामासाठी थोडा प्रवास झाला, आई कायमची आमच्याकडे राहावयास आली, थोडे वाचन झाले आणि वयाच्या या टप्प्यावर मी केक करावयास शिकलो. या चारही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मात्र वर्ष सरता सरता कळले.

आरंभ केकपासून करतो. माझी जन्मतारीख १ जून १९७१. वाचकांपैकी अनेकांची हीच तारीख असेल. त्या काळी पालक मुलाला शाळेत घेऊन येत. तारीख विचारली की गप्प उभे राहत. गुरुजी मुलाकडे एकदा पाहून वयाचा अंदाज बांधीत आणि जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून टाकीत. मुलगा जूनमध्ये सहा वर्षांचा पूर्ण झाला की हिशेब सोपा! माझ्या वर्गात आम्ही अकरा जण त्या एकाच दिवशी जन्मलो होतो.

गेल्या १ जूनला पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने मला एक छोटा ओव्हन पाठविला. "बाबा, आता तुमच्या वाढदिवसाचा केक तुम्हीच करा," असा तिचा फोन आला. पहिला केक मी पंधराव्या मिनिटालाच दार उघडून पाहिला. तो मधोमध असा खचला की पत्नीने त्याला 'चवदार तळे' असे नाव दिले. आई म्हणाली, "भात शिजताना धा डाव झाकण काढतूस का? मग हेला कशाला उघडून बघतूस?" तिने उभ्या आयुष्यात ओव्हन पाहिला नव्हता, पण आच आणि धीर यांचे शास्त्र तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

जून-जुलैमध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' पुन्हा वाचून काढले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथासाठी लेखिकांनी चळवळीतील स्त्रियांच्या प्रत्यक्ष भेटी घेतल्या होत्या. एम. ए. ला असताना मी ते परीक्षेपुरते चाळले होते. या वेळी वाचताना सारखे वाटत राहिले की, पलीकडच्या खोलीत माझी आई बसली आहे आणि तिला मी काहीच विचारलेले नाही. मग रात्रीची जेवणे झाली की वही घेऊन तिच्याजवळ बसू लागलो.

आईला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही. मात्र १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ती वडिलांच्या खांद्यावर बसून होती, हे तिला पक्के आठवते. गर्दीत तिच्या पायातला एक वाळा पडला, त्याचे दुःख अजून आहे. खांद्यावर बसणारी मुलगी चार-पाच वर्षांची असणार. म्हणजे तिचा जन्म १९५१-५२ च्या सुमाराचा. मी सहज माझ्याविषयी विचारले. ती म्हणाली, "तू दुष्काळात झालास. खडी फोडायच्या कामावर रांगाय शिकलास. सुकडी खाऊन वाढलास." दुष्काळ १९७२ चा. या हिशेबाने मी नोंदीपेक्षा वर्षभराने तरी लहान असलो पाहिजे. सेवानिवृत्ती मात्र नोंदीप्रमाणेच होईल. गुरुजींच्या टाकाने माझे एक वर्ष नेले, असे म्हणून आम्ही दोघेही हसलो.

नोव्हेंबरमध्ये आमच्या वसतिगृहातील पाचवीच्या एका मुलाच्या कागदपत्रांसाठी मला प्रवास करावा लागला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. हंगाम सुरू झाला होता आणि टोळी कृष्णाकाठच्या एका कारखान्यावर गेली होती. रात्रभर एस. टी. ने प्रवास करून सकाळी पोहोचलो तर कोप्या रिकाम्या. माणसे पहाटेच फडात गेलेली. दुपारी मोळ्या भरून झाल्यावर आईवडील भेटले. नवराबायकोची मिळून मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' अशी नोंद असते. दोन माणसांचे एक अवजार होते, ही नोंदही मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहून ठेवली.

मुलाचा जन्म अशाच एका कोपीत झालेला; जन्मनोंद कुठेच नाही. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करावयाची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला तितके हेलपाटे परवडत नाहीत. शाळेच्या दाखल्यावर म्हणून तारीख तीच, १ जून. कागदांवर अंगठे घेऊन झाले. निघताना मला आठवले की, या मुलाने मला एकदा विचारले होते, "सर, माझा खरा वाढदिवस कधी असतो?" मी तेव्हा 'बघू' म्हणून वेळ मारून नेली होती. तोच प्रश्न मी त्याच्या आईला विचारला.

ती म्हणाली, "तारीख न्हाई ठाव, गुरुजी. पन टोळीतली दोन मानसं मुंबैला बाबासाहेबास्नी वंदन कराया गेलती. ती माघारी आली, त्या राती झाला. त्यांनी आणलेली मूर्ती कोपीत ठिवली, आन तासाभरानं ह्यो रडला."

चैत्यभूमीचे वंदन ६ डिसेंबरचे. परतीच्या प्रवासाचा दीड-दोन दिवसांचा हिशेब धरला तर ८ डिसेंबर. एवढा भक्कम पुरावा पुष्कळ राजांच्या जन्माविषयीही उपलब्ध नसतो, हे मी जबाबदारीने सांगतो.

८ डिसेंबरला वसतिगृहात चौऱ्याऐंशी मुले होती. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी दोनच केक मावतात. सहा केकसाठी तीन फेऱ्या कराव्या लागल्या. बारीक रवा अर्धा तास दह्यात भिजविला, साखरेऐवजी गूळ किसून घातला, तेल आणि वेलची घालून शेवटी सोडा मिसळला आणि चाळीस मिनिटे दाराला हात लावला नाही. दोन केक कडेने करपले. स्वयंपाकाच्या मावशींनी सुरीने काठ तासून ते सावरले. गुळाचा रंग पाहून एका मुलाने 'चॉकलेटचा आहे' असे जाहीर केले आणि मी ते खोडून काढले नाही.

केकवर मेणबत्ती लावली. ती फुंकण्याच्या वेळी सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, वंदनेची मेणबत्ती आपण विझवत नाही, मग ही का विझवायची?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती तशीच जळत ठेवली. वाढदिवसाच्या मुलाने केक कापला. पण स्वतः खाल्ला नाही. आपला तुकडा कागदात गुंडाळून ठेवू लागला. आईसाठी म्हणाला. आई एप्रिलपर्यंत येणार नाही, हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यालाही ते ठाऊक होतेच. शेवटी मावशींनी समजूत घातली, तेव्हा त्याने खाल्ला.

त्या रात्री नोंदी तपासल्या. आमच्या वसतिगृहात एकोणीस मुलांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा तेव्हा बंद असते. म्हणजे या मुलांचा कागदावरचा वाढदिवसही शाळेत कधी येत नाही. जनरल रजिस्टर बदलण्याचा अधिकार मला नाही. म्हणून एक साधी वही केली आहे. सुट्टीत घरी जाताना प्रत्येक मुलाने आईला, आजीला विचारून यावयाचे: मी झालो तेव्हा काय चालले होते? कोणता सण होता, पाऊस होता की कापूस वेचणी, टोळी कुठे होती? आजवर सात नोंदी आल्या आहेत. एकीत पुराचा उल्लेख आहे, तर एकीत म्हैस व्याल्याचा. तारीख काढण्याचे काम आम्ही इतिहासाच्या तासाला करतो.

वहीच्या पहिल्या पानावर माझे नाव आहे. समोर लिहिले आहे: दुष्काळ, खडीचे काम, सुकडी. तारखेची जागा अजून रिकामी आहे. आईला रोज थोडे थोडे विचारतो आहे.