चिकातली ओंबी

निफाड तालुक्यात वाढलेल्या माणसाला थंडीचं कौतुक नसतं, तिची सवय असते. राज्यातला सर्वांत कमी पारा निफाडला, ही बातमी आम्ही दर हिवाळ्यात ऐकत आलो. 2018च्या डिसेंबरअखेरीस तो 2 अंशांखाली उतरला, तेव्हा द्राक्षं वाचवायला बागांमधून रात्री शेकोट्या पेटल्या होत्या.

मला मात्र थंडी आठवते ती ओंबीच्या चवीने. आबा बांधावर जाळ करायचे आणि चिकातल्या ओंब्यांची जुडी त्यावर धरायचे. कुसळं चरचरत जळून जायची. काळ्या पडलेल्या ओंब्या तळहातांत चोळून फुंकर मारली की तूस उडायचं आणि खाली उरायचे हिरवे, गरम, गोडसर दाणे. तोंडात दुधासारखा चीक सुटायचा. लग्न होऊन नाशिकला आले तरी भाऊ ओल्या फडक्यात गुंडाळून ओंब्या पाठवायचा. गॅसवर भाजायचे मी त्या.

2023च्या फेब्रुवारीत लेकीला घेऊन मुद्दाम माहेरी गेले. दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात 1901पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी तो. दुपारी बांधावर उभं राहवेना. भाऊ म्हणाला, "ताई, आता कुठला चीक? दाणा केव्हाच कडक झालाय." त्याने ओंबी चोळून दाखवली. दाणे बारीक, सुरकुतलेले. गव्हाला फुटवे फुटायला गारठा लागतो, दाणा भरायलाही सावकाश जाणारे थंड दिवस लागतात. ऊन तापलं की पीक घाईने पिकतं, वजन भरतच नाही. शहरात आपण 'यंदा थंडीच नाही, बरं झालं' म्हणतो; ते मला आता ऐकवत नाही. लेकीने ते दाणे चावून पाहिले आणि गप्पच राहिली.

भाऊ आता निफाडच्याच संशोधन केंद्रातून आलेलं 'फुले समाधान' पेरतो. उशिराच्या पेरणीलाही ते चालतं. तरी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चुकू नये म्हणून त्याची धडपड असते. मका निघायला उशीर झाला, मजूर मिळाले नाहीत, की सगळंच पुढे सरकतं.

परवा फोनवर म्हणाला, "फुटवे चांगलेत. जानेवारीभर गारठा टिकला पाहिजे फक्त." सांजवात लावताना मीही तेच मागते.