गाल आणि पोट

२००६ साली ती आमच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रावर आली तेव्हा वजन ३४ किलो. नवरा गेलेला, पदरात दोन पोरं. सरकारी मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली होती, म्हणून निदान गोळ्यांचा खर्च तरी नव्हता. समुपदेशक म्हणून मी तिला एकच बजावलं: सकाळी आठ, रात्री आठ, चुकायचं नाही.

ती चुकली नाही. अंगात जीव आला, द्राक्षबागेतल्या कामाला ती पुन्हा जाऊ लागली. दोनेक वर्षांनी मात्र गाल बसले, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. गोळीतल्या स्टॅव्ह्युडिनमुळे पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाला इजा होते आणि कातडीखालची चरबी झडते. “आजार लपवला मॅडम, तोंड कुठं लपवू?” बाजाराला जाताना ती पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध हळूहळू बंद करायला सांगितलं. तिचंही बदललं, पण गाल पूर्वीसारखे भरले नाहीत.

पुढे एआरटीत डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी आली. रोज एकच. विषाणू रक्तात सापडेनासा झाला, वजन ४८ वरून ६१ वर गेलं. आम्ही सगळे खूश! कंबरेचा घेर कुणी मोजला नाही, शुगर कुणी तपासली नाही. मीही विचारलं नाही, याची बोच आजही आहे.

शुगर सापडली ती गावातल्या डॉक्टरकडे, २८० च्या पुढे. त्यांनी मधुमेहाचं मेटफॉर्मिन सुरू केलं, दिवसाला २००० मिलिग्रॅम. तिने एआरटीचं सांगितलंच नव्हतं. डोल्युटेग्रॅव्हिर मेटफॉर्मिनची शरीराबाहेर जायची वाट अडवतं, त्यामुळे दोन्ही एकत्र असतील तर दिवसाला १००० च्या वर सहसा जात नाहीत. तिला मळमळ, जुलाब सुरू झाले. दोष दिला तिने एआरटीच्या गोळीला आणि तीच बंद केली! अकरा दिवस.

मी तिला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या, तेव्हा हे उघड झालं. आमच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा डोस कमी केला, एआरटी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो, विषाणू आटोक्यात असला तरी. म्हणून माझी कळकळीची विनंती: व्हायरल लोडबरोबर (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाबरोबर) शुगर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही तपासून मागा. आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या, एआरटीच्या डबीसकट.