वैशाखात हिरवे दिसणारे शेत

वडखळ सोडून अलिबागच्या रस्त्याला लागले की धरमतरच्या पुलावर खाडीचा वारा अंगावर येतो. पुढे पोयनाड लागते. तेथून खाडीच्या अंगाला वळले म्हणजे जमीन इतकी सपाट होत जाते, की गावे पाण्यावर ठेवल्यासारखी दिसू लागतात. हा अलिबाग तालुक्याचा खारेपाट. घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. इथली भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. खाडीच्या कडेने मातीचा मोठा बांध घातलेला असतो, त्याला इकडे बाहेरकाठा म्हणतात. बांधात ठिकठिकाणी उघाडी, म्हणजे झडपेचे दार. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी या दारातून खाडीत जाते. भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. एवढ्या एका बांधाच्या भरवशावर पिढ्यान् पिढ्या इथे भात पिकले. घराजवळ तळे, तळ्यात जिताडा मासा आणि कणगीत राता भात, हे इथले वैभव.

मी गेलो तो मे महिन्याच्या मध्याला. उन्हाने डोळे दिपत होते. शेते करडी, भेगाळलेली. कुठे कुठे मिठाचा पांढरा पापुद्रा. पण त्या करड्या पसाऱ्यात एका बाजूला गर्द हिरवे पट्टे दिसत होते. ज्या गावात हे पाहिले त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून इकडच्या जमिनींकडे मुंबईचे फार डोळे लागले आहेत, आणि 'पडीक' हा शब्द छापून आला की दलाल दारात उभा राहतो.

गावातल्याच एका मुलीने मला बोलावले होते. भूगोल शिकलेली, उपग्रहाची चित्रे वाचण्याचे काम करणारी. ओटीवर लॅपटॉप उघडून तिने आपल्या गावाचे आकाशातून घेतलेले चित्र दाखवले आणि म्हणाली, "काका, यात सोडून दिलेलं शेत कोणतं ते ओळखा."

आता हे ओळखायचे कसे, ते सांगण्यासारखे आहे. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह २०१५ पासून फिरत आहेत. त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर लांब, १० मीटर रुंद चौकोन. आपल्या हिशेबाने जवळजवळ बरोबर एक गुंठा! म्हणजे गुंठ्यागुंठ्याची खबर साधारण दर पाच दिवसांनी, तीही फुकट. त्याआधीची चित्रे अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची. १९७२ च्या पहिल्या लँडसॅटचा एक ठिपका दीड एकराला व्यापत असे. १९८४ पासूनच्या चित्रांत तो नऊ गुंठ्यांवर आला. त्यामुळे पाच गुंठ्यांचा तुकडा त्या जुन्या चित्रात शेजाऱ्याच्या शेतात मिसळून जातो. वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या आपल्या कोकणात ही अडचण लहान नाही.

उपग्रह रंग पाहतो, आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा तांबड्याच्या पलीकडचा प्रकाशही पाहतो. जोमदार हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि हा न दिसणारा प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत फेकते. दोहोंच्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा निघतो. पण एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, वर्षभराची चाल पाहावी लागते. भाताच्या शेताची चाल ठरलेली असते. आषाढात चिखलणीचे पाणी, मग हिरवेपणा चढत जातो, भाद्रपदात भरून येतो, दिवाळीच्या सुमारास कापणीबरोबर एकदम पडतो आणि उन्हाळाभर जमीन उघडी. नुसते गवत माजलेल्या शेतात चिखलणीचे पाणी दिसत नाही. पाऊस पडताच ते हिरवे होते आणि पुढे हळूहळू सुकते, कापणीची धाड त्यावर पडत नाही.

तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात कोकणावर ढगांची गोधडी असते, मग उपग्रहाला दिसते काय? बरोबर आहे. त्यासाठी रडारचे उपग्रह असतात. ते स्वतःच्या लहरी खाली सोडतात. त्या ढगांतून आरपार जातात. चिखलणीच्या संथ पाण्यावरून लहर तिरपी निघून जाते, म्हणून शेत काळे दिसते. रोपे वाढली की उजळू लागते. आपल्या इस्रोने आणि अमेरिकेच्या नासाने मिळून केलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला, तो याच जातीचा.

"पण खारेपाटात याहून सोपी खूण आहे," ती मुलगी म्हणाली. "मे महिन्याचं चित्र बघायचं." आणि खरेच, करड्या चित्रात ते पट्टे ठसठशीत हिरवे उमटले होते. इथे उन्हाळी पीक नाही. गावठाणाची झाडे सोडली तर वैशाखात शेतात हिरवे राहील ते एकच, खारफुटी. तिवर पहिला येतो, मग मारांडी आणि बाकीची मंडळी. म्हणजे त्या शेतात भरतीचे पाणी रोज ये-जा करते आहे, आणि एका वर्षापासून नव्हे.

मग तिने वर्षावर वर्ष ठेवून चित्रे सरकवली. आधी खाडीच्या बांधाजवळ एक ओला ठिपका. पुढच्या वर्षी त्यातून आत येणारी ओली रेघ. मग पांढरे डाग. मग हिरवे. शाईचा थेंब टीपकागदावर पसरावा तसे. मला या चित्रांचा सर्वांत मोठा उपयोग इथे वाटला. कुणाचे शेत पडीक आहे हे गावाला ठाऊकच असते. पण पाणी पहिल्यांदा कुठून शिरले आणि कोणत्या वर्षी, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. चित्र जागा दाखवते आणि तारीख सांगते.

यात एक गंमत आहे. हा उपग्रह इकडून जातो तो सकाळी अकराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, अष्टमीला त्याच वेळी ओहोटी. म्हणून अष्टमीच्या चित्रात बांध फुटलेले शेतही कोरडे दिसू शकते. पाणी पाहायचे तर तिथी पाहून चित्र निवडायचे! कोळ्यांना जे पूर्वीपासून ठाऊक आहे ते इथे कामाला येते.

उन्हे कलल्यावर आम्ही बांधावर गेलो. ज्यांचे शेत चित्रात हिरवे होते ते नाना बरोबर होते, सत्तरी ओलांडलेले. बांधावर उभे राहून त्यांनी बोट दाखवले. "साहेब, खांड पडली ती तिकडे, माझ्या शेतापासून अर्ध्या कोसावर. शेत माझं, पण बांध साऱ्यांचा. पहिल्या साली आम्ही गवताचे भारे नि चिखल घालून बुजवली. पुढल्या उधाणाला गेली. मग माणसंच जमली नाय. पोरं कंपनीत जातात, त्यांची सुट्टी रविवारी. उधाण काय रविवार बघून येतं?"

मी विचारले, "नाना, जमीन सोडली असं म्हणायचं का?"

"सोडली कुठं? दरसाल सारा भरतो."

घरी परतल्यावर नानांच्या पत्नीने चहा दिला. मी सहज विचारले, "वहिनी, खायला भात कुठला?" त्या म्हणाल्या, "दुकानातला. आमच्या घरी तांदूळ विकत आणलेला सासूबाईंनी कधी बघितला नव्हता."

हे चित्रात येत नाही. तिथे चाळीस घरांची शेते चाळीस गुणिले इतके ठिपके म्हणून दिसतात. ती एकाच खांडीने बुडाली, हे बांध पाहिल्यावर आणि माणसांना विचारल्यावर कळते. एका सात-बाराला पंधरा-वीस नावे, निम्मी मुंबईला. त्यातून वर्गणी कोण काढणार आणि सही कोण देणार?

आणि कारण न विचारता शिक्का मारला तर काय होते, याचे उदाहरण याच खारेपाटात आहे. चरी आणि आसपासच्या २५ गावांतील कुळांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील पुढारी होते. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले. कुळांनी शेते कसायची नाहीत असे ठरवले आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षे, ते पाळले. उपाशी राहिले, लाकडे विकली, मासे धरले, पण नांगर घातला नाही. आता जगभर आकडेवारीत असे धरतात की पाच वर्षांपर्यंत जमीन विसावली तर ती तात्पुरती पड, त्यापुढे ती सोडलेली. त्या वेळी उपग्रह असता तर त्याने या २५ गावांची जमीन मालकाविना सोडलेली म्हणून नोंदली असती! प्रत्यक्षात जमिनीवर एवढा जीव कुणाचा नव्हता. उलट, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडल्यावर रशिया-कझाकस्तानात कोट्यवधी हेक्टर शेती खरोखरच सुटली. सामुदायिक शेतीचा आधारच गेला. लँडसॅटच्या चित्रांवरून तिचा माग काढता आला. दोन्हीकडे चित्र सारखेच, गोष्ट वेगळी. कोकणातल्या वरकस जमिनीचेही तसेच. तिथे नाचणी-वरी घेऊन काही वर्षे रान विसावू देण्याची रीतच होती.

खारेपाटात मात्र घाई आहे, आणि ती कायद्यामुळेही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे राज्यात खारफुटी तोडायला बंदी आहे, मग जमीन सरकारी असो वा खाजगी. मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. खारफुटीत मासळी वाढते, लाटेचा जोर मोडतो. वीस वर्षांचे रान उभे राहिले आहे तिथे भाताची आशा धरण्यात अर्थ नाही, आणि चोरून कोयता चालवणाऱ्याला गुन्हा पदरात घ्यावा लागेल. पण दोन वर्षांपूर्वी पाणी शिरलेले, अजून पांढरेच असलेले शेत वेगळे. ते मे महिन्यात हिरवे व्हायच्या आत बांध बुजला तर भात परत येतो. नंतर आला तो नुसता उतारा.

म्हणून खाडीकाठच्या घरांना सांगतो. घरात शिकते मूल असेल त्याला गावाची मे महिन्याची गेल्या दहा वर्षांची चित्रे काढायला लावा. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ओला ठिपका कोणत्या साली, कोणत्या उघाडीजवळ उमटला ते कागदावर लिहा आणि तो कागद ग्रामसभेत ठेवून खारभूमीच्या कार्यालयाकडे द्या. खारभूमी विकासाचा कायदा १९७९ पासून आहे. 'बांध फुटला' एवढ्या अर्जापेक्षा जागा आणि साल लिहिलेला अर्ज वजनदार. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्याच मोबाईलवरून करायची आहे. जेवढे गुंठे पेराल तेवढे नोंदवा, नाहीतर पिकलेले शेतही कागदावर पड राहते.

खांड बुजल्यावर लगेच नेहमीचे बी टाकू नका. शेताचे आतले बांध नीट करा, पहिल्या पावसाचे गोडे पाणी अडवून धरा, मीठ विरघळले की ओहोटी साधून उघाडीतून सोडा, पुन्हा भरा, पुन्हा सोडा. माती तपासून घ्या. क्षारता चार डेसीसायमनच्या वर असेल तर ती खारीच समजावी. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल १, २ आणि ३ ही वाणे अशा जमिनीसाठीच आहेत, आणि रात्याचे घरचे बी कुणाकडे उरले असेल तर तेही. रोपे लावण्याऐवजी रहू टाकण्याची इथली जुनी पद्धत पुष्कळांना माहीत आहेच. कापणीनंतर जमीन उघडी पडली की उन्हाळ्यात खालचे मीठ वर चढते; म्हणून भाताचा पेंढा सगळा उचलू नका, थोडा शेतात पसरा.

नानांच्या गावात खांड अजून तशीच आहे. तिच्या अलीकडच्या बाजूला मी मोजली ती अकरा शेते पांढरी होती, हिरवी झालेली नव्हती. पावसाळ्याची उधाणे पुढे आहेत.