आमची रात्र दुपारी असते

मनमाडमध्ये गाड्यांच्या आवाजाची तक्रार कुणी करत नाही. मुंबई-भुसावळची मुख्य लाइन, एक फाटा दौंडला, दुसरा छत्रपती संभाजीनगरकडे. भोंगे, शंटिंगचे धक्के, स्टेशनवरच्या घोषणा चोवीस तास चालूच. रेल्वे क्वार्टरमधलं तान्हं बाळही त्याने दचकत नाही. मी याच आवाजात वाढलो आणि पुढे लोको पायलट झालो. त्यामुळे मला गोंगाटच सोसत नाही, असं म्हणता येणार नाही. सोसत नाही ते माझ्या झोपेच्या वेळी घरात शिरणारं दुसऱ्याचं गाणं.

मालगाडीवर ठरलेली वेळ नसते. पूर्वी कॉलबॉय दारात येऊन हाक मारायचा, आता फोन येतो. रात्रभर गाडी चालवायची, सकाळी स्टेशनवरच्या क्रू लॉबीत ड्युटी संपल्याची नोंद करायची, घरी येऊन आंघोळ, दोन घास, आणि अंथरुणावर पडायचं. बायको खिडक्यांवर जाड चादरी टाकते, पोरं पाय न वाजवता फिरतात. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, बाबांची रात्र आत्ता सुरू झाली आहे.

लग्नसराईत मागच्या गल्लीत हळद होती. दुपारीच डीजे सुरू झाला. मे महिन्यातलं ऊन, कूलर खिडकीत, त्यामुळे खिडकी लावून घ्यायचीही सोय नाही. बासच्या प्रत्येक ठोक्याला तावदानं थरथरत होती, मांडणीवरची ताटं वाजत होती आणि छातीत धडधडत होतं. गाडी येते, आवाज वाढतो आणि ती निघून जाते. कानाला ते ठाऊक असतं. गाण्याला मात्र शब्द असतात, ठेका असतो. नको म्हटलं तरी मन त्यामागे धावतं, पुढची ओळ आपोआप म्हणू लागतं. डोळे मिटलेले आणि डोकं टक्क जागं.

शेवटी मांडवात गेलो. नवऱ्या मुलाच्या भावाला म्हटलं, “दादा, रात्री गाडीवर जायचंय, थोडा आवाज कमी कर.” मुलगा चांगला होता. “काका, लग्न एकदाच असतं हो. आणि दहाच्या आत बंद करणारच आहोत ना!” म्हणाला. आवाज थोडा उतरला आणि पुढच्या गाण्याला पुन्हा चढला.

‘दहाच्या आत’ हे उत्तर मी सगळीकडे ऐकतो. दहापर्यंत कितीही वाजवायची मुभा आहे, असाच लोकांचा समज आहे. तो खरा नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसाही 55 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री 10 ते सकाळी 6 ती 45 आहे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात स्पष्ट केलं की, बोलण्याचा हक्क असला तरी दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क कुणालाही नाही.

त्या रात्री कॉल आला तसा मी निघालो. इंजिनात दक्षता तपासणारं एक यंत्र असतं. साठ सेकंद चालकाने कुठलंही नियंत्रण हाताळलं नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक लागतो. एरवी त्या दिव्याकडे माझं लक्षही जात नाही. त्या रात्री तो सारखा दिसत होता. सहायक आणि मी प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगत होतो, मी तोंडावर पाणी मारत होतो. मागे हजारो टनांची गाडी होती आणि ती लगेच थांबत नाही. दुपारी हिरावलेल्या झोपेची किंमत अशी रात्री रुळावर मोजावी लागते.

हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही. गार्ड, पॉइंट्समन, गँगमन, रात्रपाळीच्या नर्स, एसटीचे चालक, सगळे दिवसा झोपतात. त्यांतले बहुतेक तक्रार करत नाहीत, कारण शेजाऱ्यांशी वैर नको असतं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये, तक्रार करणाऱ्याचं नाव पोलिसांनी उघड करू नये, असं सांगितलं, ते याच भीतीमुळे. गाडीच्या डब्यातही दुसऱ्याचं गाणं असंच ऐकावं लागतं. मोबाइलवर मोठ्याने गाणी लावू नयेत, अशी सूचना रेल्वेने 2022 मध्ये दिली, तरी इयरफोन खिशातच राहतात.

मला कुणाची हळद बेरंग करायची नाही. नाचा, गाणी लावा. फक्त आवाज मांडवातल्या माणसांपुरता ठेवा. आणि लग्नाची पत्रिका द्यायला शेजारी जाल तेव्हा एवढं जरूर विचारा, “त्या दिवशी तुमच्याकडे कुणाची नाइट आहे का?”